ताईचे ७९, धाकट्याचे ९४

नमस्कार. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. मोठ्या मुलीने २०१५ मध्ये सीबीएसईची बारावी केली, फिजिक्समध्ये ७९ मिळाले. रात्र रात्र जागून अभ्यास केला होता तिने. यंदा, २०२५ मध्ये, धाकट्याला त्याच विषयात ९४ मिळाले. घरी पेढे वाटले. येणारा-जाणारा म्हणतो, "ताईपेक्षा पंधरा जास्त!" ती हसते, पण तिला लागतं हे मला कळतं. दुसरीकडे माझे वडील. वय ७८, जुनी अकरावीची हायर सेकंडरी, फिजिक्समध्ये ६२ आणि शाळेत पहिले. ते नातवाला तोंडावर म्हणतात, "आता पेपर कुठे राहिलेत? खुणा करायच्या आणि ९४ घ्यायचे." मुलाला होळकर कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. करायचंय. आजोबांचं ऐकून ऐकून आता त्यालाच वाटायला लागलंय की आपल्याला फिजिक्स येतच नसेल. पेपर खरंच सोपे झालेत का? या ९४ वर किती भरवसा ठेवावा?

— एक वडील, इंदूर

नमस्कार.

आधी घरातली वजाबाकी थांबवा. तो पंधराचा फरक दोन मुलांच्या फिजिक्समधला फरक नाही. विषय एक, बोर्ड एक, दोन्ही आकडे शंभरपैकी, म्हणून ते एका मापाचे वाटतात. ते तसे नाहीत. मी इंदुरात बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं आणि अशा तुलनांनी चांगली मुलं खचलेली पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोघांच्या गुणपत्रिका काढा. फिजिक्सच्या ओळीत थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगळे लिहिलेले असतात, सत्तर आणि तीस. प्रॅक्टिकलचे तीस शाळेतच पडतात आणि माझ्या पाहण्यात ते बहुतेक मुलांना जवळजवळ पूर्ण मिळतात. ते दोघांचेही बाजूला ठेवा आणि फक्त सत्तरपैकीचे आकडे पाहा. मग त्याच ओळीच्या शेवटी एक श्रेणी असते, ए१, ए२, बी१ अशी. घरोघरी ही श्रेणी कुणी वाचत नाही आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे. बारावीत सीबीएसई ही श्रेणी गुणांच्या ठरीव टप्प्यांवर देत नाही. त्या वर्षी त्या विषयात पास झालेल्या सगळ्या मुलांना क्रमाने लावतात. वरच्या एक अष्टमांशाला ए१, पुढच्या अष्टमांशाला ए२, आणि असंच खाली. म्हणजे ताईच्या श्रेणीवरून कळतं की २०१५ च्या मुलांमध्ये ती कुठे उभी होती, आणि धाकट्याच्या श्रेणीवरून कळतं की २०२५ च्या मुलांमध्ये तो कुठे उभा आहे. पेपर सोपा असो की अवघड, तो सगळ्यांनाच तसा होता. लाखो मुलांचा जमाव दहा वर्षांत एकदम हुशार किंवा एकदम ढ होत नाही, त्यामुळे दोन वर्षांची तुलना करायचीच असेल तर गुणांपेक्षा ही श्रेणी कितीतरी बरी. दोघांची श्रेणी एकच निघाली, किंवा एकाच पायरीचा फरक निघाला, तर तो कागद पेढे खाऊन गेलेल्या नातेवाइकांना जरूर दाखवा.

आता पेपर. ताईच्या २०१५ च्या फिजिक्सच्या पेपरात २६ प्रश्न होते आणि पर्यायांतून खूण करण्याचा एकही नव्हता. एक गुणाचेही पाच प्रश्न लिहूनच सोडवायचे. त्यात 'मूल्याधारित' म्हणून चार गुणांचा एक प्रश्न असायचा, ज्यात एखाद्या सज्जन माणसाची गोष्ट देऊन त्याच्या अंगचे सद्गुण विचारायचे. फिजिक्सच्या पेपरात तो कशाला होता हे मला कधीच पटलं नाही. धाकट्याच्या पेपरात ३३ प्रश्न. पहिले सोळा एकेक गुणाचे, बारा पर्यायांचे आणि चार विधान-कारणाचे. त्यापुढे लिहायचे प्रश्न, आणि उतारा देऊन विचारलेले दोन केस स्टडी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सोळापैकी सरासरी चार पदरात पडतात, आणि दोन पर्याय चुकीचे आहेत एवढं जरी ओळखता आलं तरी आठ. ताईला ही सोय नव्हती. आजोबांचं म्हणणं इथे खरं आहे आणि ते मान्य करायला हवं.

अभ्यासक्रमही तोच राहिलेला नाही. २०२२-२३ पासून एनसीईआरटीच्या पुस्तकांतून बराच भाग काढला गेला. ताईने घोकलेला पोटेन्शियोमीटर, ज्यावर प्रश्न बऱ्याचदा असायचा, धाकट्याच्या पुस्तकात नाही. कम्युनिकेशन सिस्टिम्सचा अख्खा धडा गेला. लॉजिक गेट, डेव्हिसन-जर्मर प्रयोग, किरणोत्सारी ऱ्हासाचा नियम, हेही गेले. पोटेन्शियोमीटर जाण्याचं मला मनापासून वाईट वाटतं. वीजप्रवाह न घेता विभवांतर मोजता येतं ही कल्पना मुलाच्या डोक्यात बसली की मापन म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा कळतं.

पण यावरून "पेपर सोपे झाले" असा एका ओळीचा निकाल द्यायला मी तयार नाही. एकाच विषयावरचे दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा.

जुन्या पद्धतीचा प्रश्न: व्हीटस्टन ब्रिजचं (चार रोधांच्या जोडणीचं) तत्त्व आकृतीसह स्पष्ट करा आणि संतुलनाची अट काढा. पाच गुण. मुलं ही डेरिव्हेशन पाठ करायची, किर्चहॉफच्या नियमापासून शेवटच्या ओळीपर्यंत. एखादी पायरी गाळली तर अर्धा गुण जायचा. पूर्ण पाच मिळवणाऱ्यांत समजून लिहिणारे किती आणि पाठ लिहिणारे किती, हे तपासणाऱ्याला उत्तरपत्रिकेवरून कळायचा मार्गच नव्हता.

नव्या पद्धतीचा प्रश्न: ब्रिज संतुलित आहे. आता बॅटरी आणि गॅल्व्हानोमीटर (प्रवाह दाखवणारं उपकरण) यांच्या जागा आपसात बदलल्या. गॅल्व्हानोमीटरचा काटा हलेल का? एक गुण. उत्तर: हलणार नाही, संतुलन कायम राहील. ज्याला अट समजली आहे तो चार रोधांचं पी भागिले क्यू बरोबर आर भागिले एस हे समीकरण नुसतं तिरकं फिरवून बघतो, आर आणि क्यू च्या जागा बदलल्या तरी गुणोत्तर जुळतं हे त्याला दिसतं आणि दहा सेकंदांत तो पुढे जातो. ज्याने डेरिव्हेशन पाठ केली आहे तो अडतो, कारण ही आकृती त्याच्या वहीत नाही. अर्थात अडलेला मुलगाही अंदाजाने खूण करून तो गुण घेऊन जाऊ शकतो.

पहिला प्रश्न मेहनत मोजायचा, दुसरा समज मोजतो पण गाळणी सैल ठेवतो. यातला अवघड कोणता? पाठांतराची सवय असलेल्या मुलाला दुसरा, तल्लख पण आळशी मुलाला पहिला. सीबीएसईने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरात अशा समजेवर बेतलेल्या प्रश्नांचा वाटा अर्ध्यावर नेला, म्हणजे ताईच्या पिढीने ज्या गोष्टीचा सराव केला ती आता अर्धीच मोजली जाते. तोच नियम उलटाही लागू होतो. दिवसरात्र बसून डेरिव्हेशन पक्क्या करणारी ताई तिच्या वेळच्या पेपरासाठी योग्य तेच करत होती.

काठिण्य एकाच दिशेने सरकतं हेही खरं नाही. भंवरकुआंच्या कोणत्याही कोचिंगमध्ये विचारा, मेडिकल प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत २०२५ च्या फिजिक्सने मुलांची काय अवस्था केली. २०२४ मध्ये शेवटच्या सुधारित निकालातही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये देशात सर्वाधिक गुण ६८६. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १६२ वरून १४४ वर उतरली. एका वर्षात मुलं मंद झाली का? पेपर बदलला, एवढंच. आणि त्या २०२४ च्या निकालातली गोष्ट तर आजोबांना आवर्जून सांगा. आधी ६१ जणांना पूर्ण गुण होते. फिजिक्समधल्या अणूच्या एका प्रश्नाला जुन्या एनसीईआरटीप्रमाणे एक उत्तर येत होतं आणि नव्याप्रमाणे दुसरं. सगळ्या मूलद्रव्यांचे अणू स्थिर असतात की बहुतेकांचे, एवढाच फरक. आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. मग सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं, एकच उत्तर बरोबर ठरलं आणि पूर्ण गुणवाले ६१ चे १७ झाले. पुस्तकाच्या आवृत्तीतल्या एका वाक्यापायी ४४ मुलांचे पूर्ण गुण गेले, आणि त्यांचं फिजिक्स आदल्या दिवशी होतं तेवढंच होतं.

आपल्या राज्याच्या मंडळाचं बघा. मध्य प्रदेश बोर्डाचा बारावीचा निकाल २०२३ मध्ये ५५.२८ टक्के होता, २०२५ मध्ये ७४.४८. दोन वर्षांत एकोणीस टक्क्यांनी शहाणपण वाढलं असं कोणीही शिक्षक म्हणणार नाही. २०२१ मध्ये कोरोनामुळे बोर्डाची लेखी परीक्षाच झाली नाही, सीबीएसईने दहावी, अकरावी आणि बारावीच्या शाळेतल्या गुणांचं तीस-तीस-चाळीस असं गणित मांडून निकाल लावला आणि ९९.३७ टक्के मुलं पास झाली. त्या वर्षीचा एखादा भाचा-पुतण्या तुमच्या नात्यात असेल तर कृपा करून त्याला या तुलनेत ओढू नका.

ताईचे ७९ हे तरी कोरे, शुद्ध गुण होते का? नाही. त्या काळात पेपर अवघड गेला किंवा दोन सेटमध्ये फरक पडला तर बोर्ड मॉडरेशन करून गुण वर उचलत असे. ते इतकं वाढलं की एप्रिल २०१७ मध्ये सीबीएसई आणि बाकीच्या बोर्डांनी मिळून ते बंद करायचं ठरवलं, आणि लगेच मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की परीक्षा होऊन गेल्यावर नियम बदलू नका, यंदा चालू ठेवा. आजोबांच्या ६२ ची तर जातच वेगळी. त्या काळी साठला प्रथम श्रेणी आणि पंचाहत्तरला डिस्टिंक्शन, आणि तपासणारे शिक्षक लांबलचक उत्तराला पूर्ण गुण देणं हा जवळपास अपराध मानत. त्यांच्या पेपरात सेमीकंडक्टर नव्हतं. त्यांच्या नातवाने टॅन्जंट गॅल्व्हानोमीटर हाताळला नसेल. लॉगची पुस्तिका घेऊन त्यांनी जे आकडेमोडीचं कष्ट केलं त्याला सलाम करायलाच हवा, पण त्या ६२ ला आणि या ९४ ला एका काट्यावर तोलायला काटाच नाही.

काटा असता तर कसा दिसला असता, हे इंग्लंडमधल्या एका कामावरून समजतं. ड्युरहम विद्यापीठाच्या रॉबर्ट को यांनी तिथल्या ए-लेव्हल, म्हणजे आपल्या बारावीच्या तोडीच्या, परीक्षांचे १९८८ ते २००६ चे निकाल घेतले. त्या सगळ्या वर्षांत मुलांना बोर्डाच्या परीक्षेखेरीज एक न बदलणारी क्षमता-चाचणीही दिली जात होती. चाचणीत सारखीच कामगिरी करणारा मुलगा २००६ मध्ये ए-लेव्हलला १९८८ पेक्षा सरासरी सुमारे दोन श्रेणी वर जात होता. पेपर सोपे झाले, की शिक्षक परीक्षेला नेमकं शिकवायला लागले, हे त्यातूनही सरळ कळत नाही. पण गुणांची पट्टी सरकली आहे हे कळतं, कारण शेजारी न सरकणारी एक पट्टी होती. आपल्या बोर्डाचा पेपर दरवर्षी नवा असतो आणि दुसऱ्या दिवशी बाजारात मिळतो, म्हणून असा धागा त्यात राहत नाही. मुलांना आपण लांबी मोजायचा व्हर्नियर हातात देतो तेव्हा पहिली गोष्ट शिकवतो ती झिरो एरर तपासण्याची. गुणपत्रिकेच्या बाबतीत घरातली मोठी माणसं तेवढंच विसरतात.

तर माझं मत स्पष्ट सांगते. आजचे ९४ म्हणजे २०१५ चे ९४ नव्हेत. वरच्या टोकाला गुण नक्कीच फुगले आहेत. पण ९४ मिळवणाऱ्याला फिजिक्स येत नाही असा त्याचा अर्थ होत नाही. येतं की नाही हे तो आकडा सांगतच नाही. ते वेगळं बघावं लागतं, आणि तुमच्या घरात ते बघायची उत्तम सोय आहे.

ताईचा २०१५ चा पेपर मिळवा. तिच्या जुन्या फाइलीत नसेल तर इंटरनेटवर मिळेल, बोर्डाच्या मार्किंग स्कीमसकट. धाकट्याच्या अभ्यासक्रमात नसलेले प्रश्न आधी खोडा, मूल्याधारित प्रश्नही खोडा, नाहीतर हकनाक त्याचा धीर सुटेल. जेवढे गुण खोडले त्या हिशेबाने वेळ कमी करा. मग रविवारी सकाळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून त्याला बसवा. तपासताना किती गुण पडले यापेक्षा कुठे अडला ते लिहून ठेवा. सूत्र आठवलं नाही म्हणून अडला असेल तर काळजी नाही, परीक्षा होऊन महिने झालेत. सूत्र आठवलं पण इंटिग्रेशन जमलं नाही, तर गणित पक्कं करायला हवं. प्रश्न काय विचारतोय हेच कळलं नाही, असं पाच-सात ठिकाणी झालं, तर मात्र कॉलेजच्या आधी अकरावी-बारावीची पुस्तकं पहिल्यापासून, या खेपेला परीक्षेविना, वाचायची. ताईला मात्र नवा पेपर सोडवायला लावू नका. दहा वर्षं दुसरं काम केलेल्या माणसाची अशी परीक्षा घेण्यात काही न्याय नाही.

त्याची तोंडी परीक्षा आजोबांना घेऊ द्या. मी हे मनापासून सुचवते आहे. त्यांच्या बोलण्यातला राग विषयावरच्या प्रेमातून येतो असं मला वाटतं, आणि त्या प्रेमाला घरात दुसरी जागाच मिळालेली नाही. त्यांनी विचारावं: शंभर वॉटचा आणि साठ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला तर जास्त उजेड कोणाचा? साठचा, हे उत्तर आलं तरी थांबू नये. का, ते विचारावं, आणि साठच्या बल्बचा रोध जास्त का असतो तेही. मग दोघांनी मिळून एक मीटर लांबीचा लंबक टांगावा आणि वीस दोलनांचा वेळ मोजावा. चाळीस सेकंदांच्या आसपास यायला हवा. त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे 'जी', काढून झाल्यावर आजोबांनी विचारावं, तुझ्या हाताने स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली असेल तर जी मध्ये किती टक्के चूक येईल? वेळेत अर्धा टक्का, आणि जी मध्ये वेळेचा वर्ग येतो म्हणून दुप्पट, एक टक्का. हे जो मुलगा स्वतः काढतो त्याला बी.एस्सी.ला पाठवायला मी एका पायावर तयार होईन, मग त्याला ९४ असोत की ७४. प्रॅक्टिकलचे पैकीच्या पैकी मिळवलेली कितीतरी मुलं इथे अडखळताना मी पाहिली आहेत.

होळकर कॉलेजचा विचार चांगला आहे. ते कॉलेज १८९१ पासूनचं आहे. शिवाय ज्या गावात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, इंडस-२ सारखं सिंक्रोट्रॉन (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून प्रखर किरण मिळवणारं यंत्र) आहे, तिथे फिजिक्स शिकणाऱ्या मुलाने राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास केंद्र लोकांना बघायला खुलं करतं तेव्हा तिथे गेलंच पाहिजे. ताईलाही बरोबर पाठवा. तिचं कम्युनिकेशन सिस्टिम्स आणि त्याचं सेमीकंडक्टर, दोघांना एकमेकांना सांगण्यासारखं बरंच निघेल.

तिच्याशी एकदा वेगळं बोला. "नातेवाईक काहीही बोलतात, मनावर घेऊ नकोस" असं म्हणू नका, त्याने तिचं लागणं खोटं ठरतं. दोन्ही गुणपत्रिका तिच्यासमोर ठेवा, श्रेणीचा रकाना दाखवा, २०१५ च्या पेपरात पर्यायांचा एकही प्रश्न नव्हता हे सांगा, आणि हे हिशेब तुम्ही दहा वर्षांत कधी केले नव्हते हेही सांगा. पुढच्या वेळी कुणी "पंधरा जास्त" म्हणालं तर उत्तर तुम्ही द्यायचं, तिने नाही.

आणि बी.एस्सी.ला जायच्या आधी बारावीच्या गणितातलं कॅलक्युलस पुन्हा करून घ्या. पहिल्या वर्षी फिजिक्सवाली मुलं अडतात ती बहुधा तिथेच.